घरट्यातून पडलेले पाखराचे पिलू : काय करावे व काय टाळावे

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. काटोल तालुक्यातील एका गावी कपाशीच्या बियाण्यासंबंधी शेतकरी बांधवांची सभा आटोपून आम्ही परत निघालो असता, गावाच्या टोकाला राहणाऱ्या एका शेतकऱ्याने आम्हांला थांबविले. त्यांच्या धुऱ्यावरील एक वाळलेले निंबाचे झाड त्या दिवशी सकाळी तोडण्यात आले होते. झाड जमिनीवर आल्यावर त्याच्या ढोलीत साळुंकीचे घरटे असल्याचे ध्यानात आले. घरट्यात चार पिले होती. त्यांच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीने ती ओंजळीत घेऊन घरी आणली, ओसरीवर सुपात ठेवली, त्यांना दुधात कुस्करलेली पोळी भरविली आणि चोची उघडून पाणी पाजले. आम्ही पोहोचलो तेव्हा दोन पिले दगावली होती. उरलेल्या दोहोंपैकी एकाच्या पंखाखाली मुंग्या लागल्या होत्या. “तहान लागली असन म्हनून पोरीनं पानी पाजलं, साहेब. तिचं काई चुकलं काय?” असे त्या गृहस्थांनी विचारले. मुलगी खांबाआड उभी राहून ऐकत होती.

या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणी देणे आम्हांस जड गेले. कारण हीच चूक प्रस्तुत लेखकाने बालपणी केली होती. बुलबुलाच्या पिलाला वाटीभर दूध पाजून रात्री कापसात निजविले आणि सकाळी ते मेलेले आढळले. ते का मेले, हे पुढे नागपूरच्या कृषि महाविद्यालयात शिकत असताना कळले. दरवर्षी चैत्रापासून श्रावणापर्यंत आपल्या गावोगाव अशी कितीतरी पिले दयाळू माणसांच्या हातून मरतात. यास्तव या विषयाची शास्त्रशुद्ध माहिती शेतकरी बांधवांना व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना असणे अगत्याचे आहे.

शेतकऱ्याचा यात संबंध काय?

पाखरू म्हटले की ज्वारीच्या कणसावर बसलेला थवा आणि माळ्यावरची गोफण आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. पक्षी दाणे खातात हे खरे. परंतु पिलांच्या आहाराचा प्रकार निराळा असतो. वाढत्या पिलास प्रथिनांची गरज फार असते. म्हणून एरवी दाण्यांवर जगणाऱ्या चिमण्या व सुगरणीदेखील आपल्या पिलांना अळ्या, नाकतोडे व इतर किडे आणून भरवितात. साळुंकी, कोतवाल, नीलपंख, वेडा राघू व गायबगळा यांच्या आहारात तर किड्यांचाच भरणा अधिक असतो. पिले घरट्यात असताना आईबाप सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत शेत व घरटे यांच्यामध्ये सारखी ये-जा करीत असतात आणि प्रत्येक खेपेस चोचीत एखादा किडा असतो.

हरभरा व तूर या पिकांवरील घाटेअळीच्या नियंत्रणासाठी शेतात पक्षीथांबे उभारावेत, अशी शिफारस आपण नेहमी करतो. परंतु हिवाळ्यात थांब्यावर येऊन बसणारा कोतवाल हा उन्हाळ्यात कोठेतरी घरट्यातून वाचलेला असतो, हे आपण विसरतो. ज्याला हिवाळ्यात पाखरू हवे, त्याने उन्हाळ्यात पिलू जपले पाहिजे.

या बाबतीत चीनमधील अनुभव बोधप्रद आहे. १९५८ मध्ये त्या देशात चार उपद्रवी प्राण्यांविरुद्ध जी मोहीम निघाली, तीत उंदीर, माशी व डास यांच्या जोडीला चिमणीचेही नाव होते. लोकांनी थाळ्या व डबे बडवून चिमण्यांना कोठेच टेकू दिले नाही. घरटी मोडली, अंडी फोडली, पिले मारली. त्यानंतर पिकांवर किडींचा उपद्रव वाढला आणि १९६० मध्ये यादीतून चिमणीचे नाव काढून त्या जागी ढेकणाचे नाव घालणे भाग पडले.

प्रथम पाहावे, मग हात लावावा

जमिनीवर दिसलेले प्रत्येक पिलू हे अनाथ नसते, किंबहुना बहुतेक वेळा नसतेच. म्हणून उचलण्यापूर्वी ते कोणत्या अवस्थेत आहे हे नीट पाहावे. पिलांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतील.

(१) उघडे पिलू. अंगावर पिसे नसतात किंवा पिसांचे नुसते कोंब दिसत असतात. डोळे मिटलेले वा अर्धवट उघडे असतात. पायांवर उभे राहता येत नाही. हे पिलू खरोखरच घरट्यातून पडलेले आहे असे समजावे. त्यास घरट्यात परत ठेवणे हाच त्यावरील मुख्य उपाय होय.

(२) पिसे आलेले पिलू. अंग पिसांनी झाकलेले असते, शेपूट आखूड असते, बोटावर ठेवल्यास ते पकडून बसते व जमिनीवर टुणटुण उड्या मारते. हे पिलू पडलेले नसून आपण होऊन घरट्याबाहेर आलेले असते. बुलबुलाचे पिलू साधारणतः बारा-तेरा दिवसांत, तर साळुंकीचे तीन आठवड्यांहून थोड्या अधिक दिवसांत घरटे सोडते. त्यानंतर काही दिवस त्यास नीट उडता येत नाही. परंतु आईबाप जवळच असतात व त्यास जमिनीवर किंवा झुडपात येऊन भरवितात. अशा पिलास घरी आणणे म्हणजे त्याला त्याच्या शाळेतून पळवून नेणे होय. मांजर, कुत्रे किंवा रस्त्यावरील वाहने यांचे भय असल्यास ते उचलून जवळच्याच झुडपावर वा उंच फांदीवर ठेवावे आणि आपण दूर व्हावे.

(३) जमिनीवरचे पिलू. टिटवी, तित्तर, लावा व मोर यांची पिले अंड्यातून बाहेर पडतात तीच मऊ लव अंगावर घेऊन व डोळे उघडून. थोड्याच वेळात ती आईमागे धावू लागतात. आईने इशारा देताच ती ढेकळाआड निश्चल बसून राहतात. आजारी समजून त्यांना उचलू नये. आपण निघून गेलो की आई त्यांना बोलावून घेते.

रक्त येत असेल, एक पंख लोंबत असेल, मान वाकडी असेल किंवा मांजराने तोंडात धरलेले असेल, तर मात्र ते पिलू जखमी समजावे. मांजराच्या दातांची जखम बारीक दिसली तरी तीतून विषबाधा लवकर पसरते. अशा पिलास पशुवैद्यकाचे उपचार त्वरित मिळाले पाहिजेत.

“माणसाचा हात लागला की आई पिलाला टाकते” हा समज आपल्याकडे सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. पक्षी आपल्या पिलास मुख्यतः डोळ्यांनी व त्याच्या आवाजाने ओळखतात आणि आ वासलेली चोच दिसली की भरवितात. हात लागल्यामुळे ते पिलू टाकीत नाहीत. अंडी उबविण्याच्या दिवसांत मात्र घरट्याजवळ वारंवार गेल्यास काही पक्षी घरटे सोडून देतात. म्हणून उगीच घरट्यात डोकावत राहू नये, एवढाच या समजातील सत्याचा अंश घ्यावा.

घरट्यात परत कसे ठेवावे?

घरटे सापडले व तेथवर हात पोहोचत असला तर पिलू हलक्या हाताने त्यात ठेवावे. अंगावर मुंग्या असल्यास आधी त्या मऊ कुंचल्याने किंवा कापडाच्या टोकाने काढाव्यात. रॉकेल, हळद वा कोणतीही भुकटी लावू नये. पिलू हातात गार लागत असेल तर परत ठेवण्यापूर्वी ओंजळीत धरून त्यास ऊब द्यावी; गारठलेले पिलू चोच उघडीत नाही आणि चोच न उघडणाऱ्या पिलास आई भरवीत नाही.

घरटे मोडले असल्यास पर्यायी घरटे करावे. बुलबुल व होला यांसारख्या उघडे घरटे बांधणाऱ्या पक्ष्यांसाठी लहान टोपली पुरते. पावसाचे पाणी साचू नये म्हणून तिच्या तळाला भोके असावीत. आत सुके गवत पसरावे. कापूस किंवा दोरा घालू नये, कारण तो पिलाच्या नखांत व पायांत गुंततो. ढोलीत राहणाऱ्या साळुंकीसाठी आडवे बांधलेले मडके चांगले. पत्र्याचा डबा उन्हाळ्यात वापरू नये; नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसवर जातो आणि तापलेल्या डब्यात पिलू भाजून निघते. पर्यायी घरटे मूळ जागेच्या शक्य तितके जवळ, सावलीत व मांजर चढणार नाही अशा ठिकाणी घट्ट बांधावे. नंतर तीस-चाळीस पावले दूर जाऊन एक-दोन तास नजर ठेवावी. माणसे भोवती उभी असतील तर आईबाप येत नाहीत.

काटोलकडील त्या गावी आम्ही हेच केले. तोडलेल्या झाडाच्या शेजारच्या निंबाला सावलीच्या बाजूने एक जुने मडके आडवे बांधले, त्यात गवत पसरून दोन्ही पिले ठेवली आणि सर्वांनी गोठ्याच्या आडोशास बसावे असे ठरविले. साळुंक्यांची जोडी पडलेल्या खोडाभोवती ओरडत फिरत होती. पाऊण तास गेला. मुलगी सारखी उठून पाहू लागली, तेव्हा तिच्या वडिलांनी तिला हाताला धरून खाली बसविले. अखेरीस त्यांपैकी एक साळुंकी चोचीत नाकतोडा घेऊन मडक्याच्या तोंडाशी बसली, दोनदा उडाली व तिसऱ्या वेळी आत शिरली. मुंग्या लागलेले पिलू दुसऱ्या दिवशी मेले. दुसरे मात्र वाचले. दोन आठवड्यांच्या आत ते मडक्यातून उडून गेल्याचे त्या शेतकऱ्याने दूरध्वनीवरून कळविले.

ऊब, पाणी व अन्न

घरटे सापडत नाही, आईबाप दोन तासांत येत नाहीत किंवा पिलू जखमी आहे, अशा वेळी मदत मिळेपर्यंत पुढील काळजी घ्यावी.

कागदी खोक्यास हवेसाठी भोके पाडून त्यात मऊ सुती कापड अंथरावे आणि पिलू आत ठेवून खोका झाकावा. अंधारात व शांततेत पिलाची भीती कमी होते. मुलांनी घोळका करून पाहणे, हाताळणे व त्याच्याशी खेळणे पूर्णतः बंद ठेवावे. पावसाळ्यात उघड्या पिलास गारठा सर्वांत आधी मारतो. त्यासाठी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूस ठेवावी, म्हणजे पिलास हवे तर उबेजवळ व नको तर दूर सरकता येईल. भर उन्हाळ्यात मात्र उलट काळजी घ्यावी. पिलू चोच उघडी टाकून धापा टाकीत असेल व पंख पसरून पडले असेल तर ते उन्हाने त्रासले आहे असे समजून खोका घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावा. अंगावर पाणी ओतू नये.

चोचीत पाणी कधीही घालू नये. पक्ष्याच्या जिभेमागेच श्वासनलिकेचे तोंड असते. वरून थेंब सोडला की पाणी फुप्फुसात जाते आणि पिलू गुदमरून मरते. सुपातील ती दोन पिले बहुधा याच कारणाने दगावली असावीत. घरट्यातील पिलास बहुतांशी अन्नातूनच ओलावा मिळतो. दूधही देऊ नये. पक्षी हा सस्तन प्राणी नसल्याने त्यास गाई-म्हशीचे दूध पचत नाही. होला व पारवा यांची पिले पहिल्या दिवसांत आईबापांच्या गळ्यातील पिशवीत तयार होणाऱ्या दाट रसावर वाढतात. त्यास पारव्याचे दूध म्हणत असले तरी गाईच्या दुधाशी त्याचा काही संबंध नाही. पोळी, भात, मुरमुरे व बिस्किटे यांनी पोट भरते, पोषण होत नाही.

काही तासांत मदत मिळणार असेल तर अन्न देण्याच्या खटाटोपात पडू नये. दिवस निघून जाणार असेल व पिलू उबदार होऊन आपण होऊन चोच उघडीत असेल, तरच उकडलेल्या अंड्याचा ओलसर बारीक कण किंवा पाय व डोके काढलेला लहान नाकतोडा बोथट काडीच्या टोकावर घेऊन द्यावा. फवारणी केलेल्या शेतातील किडे देऊ नयेत. त्यांतून विषबाधा होते. केसाळ अळ्याही देऊ नयेत. चोच बळेच उघडू नये. लहान पिलास दिवसा दर अर्ध्या तासाने थोडे थोडे लागते, रात्री लागत नाही. एवढ्यावरूनच ध्यानात यावे की, जे काम साळुंकीची जोडी दिवसभर करते, ते माणसाला पेलणारे नाही.

काही विशेष प्रसंग

घुबडाच्या पिलाविषयी आपल्याकडे अनेक अपसमज आहेत. गव्हाणी घुबडाचे पिलू पांढऱ्या लवेचे असते व जवळ गेल्यास फुत्कारते; ते केवळ भीतीमुळे. त्यास अशुभ समजून मारू नये. गव्हाणी घुबडाच्या कुटुंबाचे मुख्य अन्न उंदीर हेच असल्याने ते शेतकऱ्याचे मोठे हितकर्ते आहे. घुबड, घार व शिक्रा यांची पिले उचलताना जाड गोणपाट वापरावे, कारण नखे तीक्ष्ण असतात.

जून-जुलैत कावळा एखाद्या वेगळ्याच पिलास भरविताना दिसतो. ते बहुधा कोकिळेचे पिलू असते. त्यास कावळ्यापासून सोडवू नये. तोच त्याचा पालक असतो.

ज्या ठिकाणी एकाच वेळी अनेक पक्षी किंवा कोंबड्या मेलेल्या आढळतात, तेथे मात्र कोणत्याही पाखरास उघड्या हाताने स्पर्श करू नये व पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. बर्ड फ्लू हा रोग नागपूरला अपरिचित नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाडा येथील बचाव केंद्रातील तीन वाघ व एक बिबट या रोगाने दगावले होते. एरवीही पिलू हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि खोका कोंबड्यांच्या खुराड्यापासून दूर ठेवावा.

कायदा व मदत

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार आपल्याकडील रानपाखरे पाळणे, पकडणे वा विकणे हा गुन्हा आहे. पाखरांची अंडी नासणे व घरट्यांना उपद्रव देणे यांचा समावेश त्या कायद्याने शिकारीतच केलेला आहे. २०२२ मध्ये या अधिनियमात सुधारणा झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. ढोलीतून काढून पिंजऱ्यात वाढविलेला राघू हा सुद्धा याच कायद्याखाली येतो. म्हणून पिलू वाचवून पुढे ते घरीच ठेवावे, असा विचार कोणी करू नये. नागपुरात सेमिनरी हिल्स येथे वन विभागाने २०१५ मध्ये ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर हे वन्यप्राण्यांचे उपचार केंद्र सुरू केले. जखमी वा निराधार पिलू तेथे पोहोचवावे. इतरत्र जवळच्या वनरक्षकास, वनपरिक्षेत्र कार्यालयास किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिलू कोठे व केव्हा सापडले हे आठवणीने सांगावे, म्हणजे त्यास पुन्हा त्याच परिसरात सोडणे सोपे जाते.

पिले पडूच नयेत म्हणून

धुऱ्यावरील झाडे तोडणे व फांद्या छाटणे ही कामे शक्यतो हिवाळ्यात उरकावीत. उन्हाळ्यात वा पावसाळ्यात करणे भागच असल्यास आधी झाड चहूबाजूंनी पाहावे, ढोलीवर काठीने ठोकावे व पाखरांची ये-जा आहे काय ते अर्धा तास बघावे. संत्र्याच्या बागेत सल काढतानाही घरटे असलेली फांदी त्यातील पिले उडेपर्यंत राखावी. दोन-तीन आठवड्यांचाच प्रश्न असतो. वखरणीच्या वेळी टिटवीची अंडी दिसल्यास चार काड्या रोवून तेवढी जागा सोडावी. टिटवी उंचावर अंडी घालते की सखल जागी, यावरून आपले वडीलधारे पावसाचा अंदाज बांधीत. त्या अंदाजाचे काही असो, त्या निमित्ताने ती अंडी जपली जात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हे अव्यवहार्य आहे असे कोणास वाटल्यास त्याने आपल्याच विदर्भातील गोंदिया जिल्ह्याकडे पाहावे. तेथील धानाच्या बांध्यांत सारस पक्षी घरटी करतात. जिल्ह्यातील अनेक शेतकऱ्यांनी घरट्यापुरती जागा सोडून धान पिकविले व पिले मोठी होऊ दिली. महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झालेला हा पक्षी तेथे टिकून राहिला, याचे मोठे श्रेय या शेतकऱ्यांना आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय खरीपपूर्व सभांत आवर्जून मांडावा. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. मारुती चितमपल्ली व डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडणारा हा सप्ताह शाळांतून ही माहिती देण्यास उत्तम संधी आहे. कारण पडलेले पिलू प्रथम सापडते ते मुलांनाच.

त्या मुलीला आम्ही सांगितले की, तिचे मन चुकले नव्हते, रीत तेवढी चुकली. पुढच्या खेपेस काय करशील, असे विचारता ती म्हणाली, “आधी वर पाहीन, घरटं कुठं हाये ते.” शेतकरी बांधवांनी आपापल्या घरातील मुलांना एवढी एक गोष्ट शिकविली, तरी पुष्कळ पिले वाचतील.